शर्यतीची आरंभरेषा

मालवण तालुक्यातील मसुरे हे गड नदीच्या काठी वसलेले गाव. भरतगडाच्या परिसरातील भाताची कापणी उरकली, मळे मोकळे झाले, की मुलांना खेळांचे वेध लागतात. तांबड्या मातीवर फक्कीच्या पांढऱ्या रेषा उमटतात. शिट्टी वाजते आणि धावणारे वाऱ्यासारखे सुटतात. अशा वेळी मैदानाच्या कडेला एखादा मुलगा मित्रांच्या वहाणा सांभाळीत बसलेला आढळतो. त्याचा एक पाय अधू असतो, किंवा त्याला अंधुक दिसते. तो मनापासून टाळ्या वाजवतो; पण त्याच्या नावाचा पुकारा कधीच होत नाही. हे दृश्य कोणत्याही एका गावाचे नव्हे. आपण जागरूकपणे पाहिले, तर अनेक मैदानांवर ते आपल्याला दिसेल.

‘त्याला धावता येत नाही, त्याला शर्यत तरी काय करणार?’ असे आपण सहज म्हणतो. मला हे म्हणणे पटत नाही. शर्यतीचे नियम माणसांनीच केले आहेत. तेव्हा न्यायासाठी ते बदलण्याचा अधिकारही माणसांनाच आहे.

मुलांनो, मोठ्या मैदानावरील ४०० मीटरची शर्यत तुम्ही पाहिली आहे काय? तिथे सर्व धावपटू एका रेषेवर उभे राहत नाहीत. प्रत्येकाचा पट्टा सुमारे १.२२ मीटर रुंद असतो, आणि वळणांमुळे बाहेरच्या पट्ट्याची पूर्ण फेरी त्याच्या आतल्या पट्ट्यापेक्षा सात मीटरांहून अधिक लांब भरते. म्हणून बाहेरच्या धावपटूला तेवढे पुढे उभे करतात. त्याला सवलत मिळाली, अशी तक्रार कोणी करीत नाही. कारण तसे केले नाही, तरच अन्याय होईल, हे सर्वांना ठाऊक असते. एकच रेषा म्हणजे समानता नव्हे, हे धावण्याच्या खेळाने फार पूर्वीच ओळखले आहे.

हाच हिशेब आपल्या शाळेतही करता येईल. समजा, एक मुलगा १०० मीटर अंतर १६ सेकंदांत तोडतो आणि दुसऱ्याला त्यासाठी २५ सेकंद लागतात. मग १६ सेकंदांत दुसरा ६४ मीटर जाईल. त्याला ३६ मीटर पुढे उभे केले, की दोघांनाही शेवटच्या पावलापर्यंत जीव तोडून धावावे लागेल. स्पर्धेच्या आधी आठवडाभर प्रत्येकाची वेळ मोजून ठेवली, म्हणजे झाले.

ज्याला दिसत नाही, त्याच्यासाठी सोबती हवा. दोघांनी हातात एक आखूड दोरी धरून एका लयीत धावायचे. जागतिक स्पर्धांत हीच रीत आहे. सोबत्याने खेळाडूला ओढायचे नाही आणि त्याच्या आधी अंतिम रेषा ओलांडायची नाही, असा तेथील नियम आहे. २०२४ साली पॅरिसच्या पॅरालिम्पिक स्पर्धेत भारताच्या सिमरन शर्मा हिने २०० मीटर धावण्यात कांस्यपदक मिळवले, तेव्हा अभय सिंह तिच्या बाजूने असाच धावत होता. ज्याला ऐकू येत नाही, त्याच्यासाठी शिट्टीबरोबर रुमाल खाली करावा. चाकाच्या खुर्चीसाठी एक पट्टा पाणी मारून, खळे चोपतात तसा चोपून घट्ट करावा. यांपैकी कशालाही मोठा खर्च येत नाही.

सर्वांत मोठा आनंद मात्र सर्वांना एकत्र आणणाऱ्या शर्यतीत आहे. २०२१ साली टोकियो येथे झालेल्या पॅरालिम्पिक स्पर्धेत एक नवी सांघिक शर्यत सुरू झाली. तिच्यात दोन पुरुष आणि दोन स्त्रिया असा चौघांचा संघ असतो. पहिला टप्पा दृष्टी कमी असलेला खेळाडू धावतो, दुसरा हातापायात व्यंग असलेला, तिसरा स्नायूंवर पुरता ताबा नसलेला, आणि चौथा खुर्चीवरून चाके फिरवीत येतो. त्यात दांडी द्यायची नसते. नुसत्या स्पर्शाने पाळी बदलते. तशी शर्यत आपल्या शाळेत का होऊ नये?

काही जण म्हणतील, ‘अशाने शर्यतीची शान जाईल, सर्वांत वेगवान कोण, हे कसे कळणार?’ ही शंका रास्त आहे. वेगाची शर्यत अवश्य राहावी आणि तिच्या विजेत्याचा गौरवही व्हावा. परंतु त्याच दिवशी, त्याच मैदानावर, दुसरी शर्यतही व्हावी. तिच्यात कोणालाही फुकटचे बक्षीस मिळू नये. न धावता हाती ठेवलेले बक्षीस हे मानाचे नसून अपमानाचे असते. जो धापा टाकीत हरतो, त्याचा मान अधिक.

सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर हे सैनिक मुष्टियुद्ध खेळत. १९६५ च्या युद्धात ते गोळ्या लागून जायबंदी झाले. त्यांनी पोहण्याची कास धरली आणि १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्ग येथे ५० मीटर पोहण्यात सुवर्णपदक पटकावले. पॅरालिम्पिकमधील भारताचे ते पहिले सुवर्णपदक. खेळ बदलला; जिद्द तीच राहिली. दिव्यांग मुलांना इतरांच्या बरोबरीने खेळण्याची संधी द्यावी, असे २०१६ च्या कायद्यानेही शाळांना सांगितले आहे. पण कायदा मैदानावर फक्की मारीत नाही. ते काम आपले आहे.

तेव्हा पुढच्या वेळी मैदान आखाल, त्या दिवशी वहाणा सांभाळणाऱ्या मित्राकडे आधी जा. ‘तुझी रेषा कुठे आखू?’ असे त्यालाच विचारा. वहाणांचे काय? त्या एका बाजूला नीट रचून ठेवल्या, तरी चालेल.