डावं पान कोरं ठेव

डिसेंबरात माहेरी जाणं मी सहसा टाळते. ग्वाल्हेरची थंडी आता माझ्या गुडघ्यांना सोसत नाही. आपण बेळगावकर जिला थंडी म्हणतो ती तिथल्या लोकांना दाखवली तर हसतील. पण गेल्या डिसेंबरात वहिनीचा फोन आला, "ताई, जमलं तर येऊन जा. तो आमच्याशी बोलतच नाही. तुमच्याशी बोलेल." मग गोवा एक्स्प्रेसचं तिकीट काढलं. बेळगावला बसायचं आणि तीस-एक तासांनी थेट ग्वाल्हेरला उतरायचं, मध्ये कुठे गाडी बदलायला नको. या गाडीचे आमच्यासारख्या माहेरवाशिणींवर किती उपकार आहेत, यावर एकदा वेगळं लिहीन.

'तो' म्हणजे माझा भाचा. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. (कॉलेजचं नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही.) बारावीपर्यंत हिंदी माध्यम, टक्केवारी उत्तम, घरात पहिला इंजिनिअर होणार म्हणून सगळ्यांना कौतुक. रोज सकाळी नऊला पाठीवर बॅग अडकवून निघायचा, पाचला परत. विचारलं की, "पढाई चालू आहे." वहिनीने एक दिवस धुवायला काढलेल्या पँटचा खिसा तपासला, तर एमपी ऑनलाइनच्या दुकानातली परीक्षा फॉर्मची पावती निघाली. पहिल्या वर्षाचे दोन विषय राहिलेले होते, गणित आणि बेसिक इलेक्ट्रिकल. घरी कोणालाच पत्ता नव्हता. पुढे हेही कळलं की तीन आठवडे तो कॉलेजात गेलाच नव्हता. फूलबागेत बसून राहायचा, नाहीतर एखाद्या मित्राच्या खोलीवर.

दादा संतापला होता. त्याच्या मते कारणं तीन: मोबाइल, मित्र आणि रात्री उशिरापर्यंत जागणं. यादी काही चुकीची नाही. कॉलेजातल्या मुलांच्या वाईट सवयी विचारल्या तर कुठलेही पालक हेच सांगतील, आणि मीही इतकी वर्षं पालकसभेत हेच सांगत आले. वेळेवर झोपा, रोजचं रोज वाचा, झेरॉक्सवर विसंबू नका. पण त्या मुलासमोर दोन दिवस नुसतं बसल्यावर, काही न विचारता मटार सोलत बसल्यावर, तो आपणहून जे बोलला त्यात मोबाइल कुठेच नव्हता.

"आत्या, पहिल्या महिन्यातच मला काही समजत नव्हतं. सर इंग्लिशमध्ये बोलून राहिलेत, आणि सगळा क्लास मान हलवून राहिलाय. मी एकटाच कसा हात वर करू? बेइज्जती होते ना. म्हटलं, नंतर पाहून घेऊ. मग पुढचं त्याच्यावर चढलं. मग जायचीच भीती वाटू लागली."

मोबाइल नंतर आला. भीती विसरायला काहीतरी हवंच होतं.

खरं सांगायचं तर मला हे ऐकून धक्का बसला नाही, ओळख पटली. १९७८ साली मी लष्करातल्याच एका कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. (बाहेरच्या वाचकांसाठी: लष्कर म्हणजे ग्वाल्हेरचा तो भाग, जिथे शिंद्यांच्या छावणीचं शहर झालं आणि मराठी घरं वसली.) सेंद्रिय रसायनशास्त्र माझ्या डोक्यावरून जात होतं. मी पहिल्या बाकावर बसून वर्षभर मान हलवली. अक्षर मोत्यासारखं, वही देखणी, आणि परीक्षेच्या आठवड्यात सगळ्यांसारखी बाजारातली कुंजी. निकाल तेव्हा वर्तमानपत्रात यायचा. माझा नंबर पास झालेल्यांत नव्हता, सप्लिमेंटरीच्या ओळीत होता, आणि पेपर आधी आप्पांच्या हातात पडला.

आप्पा ए.जी. ऑफिसात कारकून होते, शिक्षण मॅट्रिक. ते रागावले नाहीत. रात्री जेवणं झाल्यावर वही घेऊन बोलावलं आणि म्हणाले, "मला शिकव." मी पहिलं पान वाचू लागले. त्यांनी वही मिटायला लावली. "वाचून नको, सांग." मला चार वाक्यांपुढे जाता येईना. मग ते भाबडे प्रश्न विचारू लागले. कार्बनला चारच हात का? पाच का नाहीत? बेंझिनचं चित्र असं षटकोनीच का काढतात? एकाचंही उत्तर मला येत नव्हतं. त्यांनी माझ्या नव्या वहीत उजव्या पानावर तारीख घातली आणि डावं पान बोटाने दाखवून म्हणाले, "हे कोरं ठेव. सर जे सांगतील ते उजवीकडे. तुला जे कळलं नाही ते डावीकडे. शनिवारी डावी पानं घेऊन सरांकडे जायचं."

पहिल्या शनिवारी स्टाफरूमच्या दारात माझे पाय लटपटत होते. सर थोडे वैतागले, पण त्यांनी सांगितलं. तिसऱ्या शनिवारी त्यांनी खुर्ची पुढे केली.

आप्पांनी ही युक्ती कुठून आणली, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. पण ते ग्वाल्हेरचे होते, आणि मोठ्या वयात विद्यार्थी होण्याची लाज त्या गावाने तशी कमीच बाळगली आहे. शिंदे सरकारच्या आश्रयाने १९१८ मध्ये माधव संगीत महाविद्यालय निघालं. त्याआधी पंडित भातखंड्यांची स्वरलेखनाची पद्धत शिकायला दरबारने इथल्या गवयांना मुंबईला पाठवलं होतं. त्यांत राजाभैया पूछवाले होते. जन्म १८८२चा, म्हणजे पस्तिशीचे. शंकर पंडितांकडे तालीम झालेली, गावात नाव झालेलं, आणि तरी पाटी-पेन्सिल घेतल्यासारखे पुन्हा पहिल्या धड्यापासून बसले. पुढे त्याच महाविद्यालयाचे ते प्राचार्य झाले.

दुसरी गोष्ट ग्वाल्हेरात घरोघरी सांगतात. अटलबिहारी वाजपेयी इथल्या व्हिक्टोरिया कॉलेजातून बी.ए. झाले (आता ते महाराणी लक्ष्मीबाई कॉलेज) आणि पुढे शिकायला कानपूरच्या डी.ए.व्ही. कॉलेजात गेले. तिथे कायद्याच्या वर्गात त्यांच्यासोबत त्यांचे वडील कृष्णबिहारीही दाखल झाले. मास्तरकीतून निवृत्त झालेले वडील आणि मुलगा एकाच वर्गात, एकाच वसतिगृहात! वर्गात दोघांपैकी एक नसला की दुसऱ्याकडे चौकशी व्हायची, असं अटलजी पुढे हसत सांगत. त्यांचं कायद्याचं शिक्षण अर्धवट राहिलं, तो भाग वेगळा. पण साठीकडे झुकलेला एक शिक्षक विशीतल्या पोरांच्या बाकावर बसतो, त्याला 'मला हे येत नाही' म्हणायची किती सवय असेल!

आप्पांच्या 'वाचून नको, सांग'लाही आता शास्त्राचा आधार मिळाला आहे. २००६ साली अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर आणि कार्पिकी या दोघांनी कॉलेजच्या मुलांवर प्रयोग केला. काहींनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. गंमत अशी, की पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना आपल्या लक्षात जास्त राहील असं वाटत होतं. माझी ती देखणी वही आठवली.

आता एक कबुली. ही डाव्या पानाची गोष्ट मी दादाच्या घरी मोठ्या रुबाबात सांगितली, पण बेळगावात तीस वर्षं केमिस्ट्री शिकवताना मी स्वतः काय केलं? खानापूर, चंदगडकडच्या खेड्यांतून पहाटेची बस पकडून येणाऱ्या, दहावीपर्यंत मराठीत शिकलेल्या मुलींसमोर इंग्रजीत धडा घेतला आणि शेवटी विचारलं, "समजलं का?" वर्ग गप्प. मी पुढचं पान उलटलं. "समजलं का?" हा प्रश्नच मुळात खोटा आहे, हे तेव्हा सुचलं नाही. भर वर्गात "नाही" म्हणायला सोळा वर्षांच्या पोरीला केवढं धैर्य लागतं!

त्यांपैकी एक खानापूरकडची होती. तीन रंगांच्या पेनांनी नोट्स काढायची, कधी गैरहजर नाही, कधी एक प्रश्न नाही. बारावीच्या मध्यावर यायची थांबली. मी समजले, लग्न ठरलं असेल. कितीतरी वर्षांनी भाजी घेताना भेटली, कडेवर मूल. बोलता बोलता सहज म्हणाली, "मॅडम, मला पहिल्या दिवसापासून मोल म्हणजे काय तेच कळलं नव्हतं. मग सगळंच चुकत गेलं." रसायनशास्त्र शिकलेल्यांना कळेल, मोल कळला नाही तर पुढची निम्मी गणितं बंद दाराआड राहतात. समजावायला मला फार तर दहा मिनिटं लागली असती. डझन म्हणजे बारा, तसा मोल म्हणजे एक ठरलेली, अफाट मोठी संख्या. तिथेच भाजीवालीसमोर मी तिला ते सांगू लागले, आणि तीही ऐकत राहिली. दोघींनाही ते विचित्र वाटलं असणार.

असो. ग्वाल्हेरात मी आठ दिवस राहिले. तानसेन समारोह चालू होता, एका संध्याकाळी भाच्याला ओढून हजिऱ्याला घेऊन गेले. गाणं त्याला फारसं भावलं नाही, गजक मात्र आवडीने खाल्ली. बाकीचे दिवस त्याने मला गणित 'शिकवलं'. मी आप्पांच्या जागी बसून वही मिटायला लावत होते. दादालाही एकदा बसवलं. मुलाला आपल्यापेक्षा काय येत नाही हे माहीत असलेला दादा, मुलाला आपल्यापेक्षा काय येतं ते पाहून जरा नरमला. निघायच्या दिवशी भाचा कॉलेजात जाऊन एका सरांना भेटून आला. ते फार गोड बोलले नाहीत म्हणे, पण बुधवारी या म्हणाले.

मार्चमध्ये निकाल लागला. गणित सुटलं, इलेक्ट्रिकल पुन्हा राहिलं. हे त्याने स्वतः, त्याच दिवशी, आधी आईला सांगितलं आणि मग मला फोनवर.

आता तो रात्री डाव्या पानाचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवतो. गेल्या गुरुवारी त्यात एकच ओळ होती: 'आत्या, फेज म्हणजे नक्की काय?' मला येत नव्हतं. आमच्या शेजारी इलेक्ट्रिकलचे निवृत्त प्राध्यापक राहतात. सकाळी दूध घेऊन परतताना त्यांची बेल वाजवली.