दारू सोडू पाहणाऱ्या बाईने बसायचे कुठे?

दारूविरुद्ध लढणे आपल्या चळवळीला नवे नाही. बायांनी भट्ट्या फोडल्या, मोर्चे काढले, मतदान करून गावातली बाटली आडवी केली. गडचिरोलीत १९९३ साली दारूबंदी झाली तीही लोकांच्या रेट्यामुळेच. या सगळ्या लढ्यात पिणारा तो आणि सोसणारी ती, हे आपण धरूनच चाललो. बहुतेक घरांत ते खरेही आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात १५ वर्षांवरील पुरुषांपैकी १९ टक्के दारू पितात, स्त्रियांपैकी १ टक्का. पण हा एक टक्काही लाखोंच्या घरात जातो. त्यांतल्या जिला दारूने धरले आहे आणि आता सुटायचे आहे, तिच्यासाठी आपल्याकडे काय आहे?

आमच्याकडे सल्ल्याला आलेल्या एका बाईने सांगितलेली हकिकत. पत्ता शोधत ती संध्याकाळी व्यसनमुक्तीच्या मिटिंगला गेली. जिना चढली. दाराबाहेर पंधरा-वीस जोड चपला-बूट, सगळे पुरुषांचे. ती आल्या पावली परतली. घरच्यांनी निकाल देऊन टाकला, ‘हिला सुटायचेच नाही.’ हळूहळू तिलाही ते पटले आणि पुढचे वर्षभर ती पीत राहिली.

आमचे म्हणणे असे, की एक मिटिंग जमली नाही याचा अर्थ बाईला सुटायचे नाही असा होत नाही. आपल्याला मानवेल अशी मिटिंग शोधणे हा बरे होण्याचाच भाग आहे, आणि त्यात तिला सोबत करणे हे आपले काम आहे.

अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, म्हणजे ए.ए., १९३५ साली अमेरिकेत दोन पुरुषांनी सुरू केली. पिणाऱ्याने पिणाऱ्याला आधार द्यायचा, ही त्यामागची साधी आणि मोठी कल्पना. पुढे १९५१ साली पिणाऱ्यांच्या कुटुंबीयांसाठी अल-अॅनॉन निघाली. आजही एखादी बाई चौकशीला आली की आपण कार्यकर्त्यासुद्धा पहिला प्रश्न विचारतो, ‘नवरा किती पितो?’ आणि तिच्या हातात अल-अॅनॉनचा पत्ता ठेवतो. ‘मीच पिते’ हे शब्द तिच्या ओठांवरच राहतात.

१९७५ साली जीन कर्कपॅट्रिक या अमेरिकन बाईने ‘विमेन फॉर सोब्रायटी’ ही स्त्रियांची वेगळी संघटना काढली. त्या स्वतः दारूतून बाहेर आलेल्या होत्या. पुरुषाला ‘अहंकार सोड’ सांगणे ठीक. पण जिचा आत्मसन्मान आधीच धुळीला मिळालेला आहे तिला आधी उभे करावे लागते, हा त्यांचा मुद्दा आपल्यालाही लागू आहे. दारू पिणाऱ्या पुरुषाला लोक बिघडलेला म्हणतात, बाईला मात्र थेट चारित्र्यहीन ठरवतात. मारहाण, जबरदस्ती, मुले हिरावली जाण्याची भीती, हे ती पुरुषांनी भरलेल्या खोलीत कसे बोलणार?

म्हणून मैत्रिणींनो, काही गोष्टी माहीत असू द्या. ए.ए.मध्ये फी नाही, अर्ज नाही. दारू सोडण्याची इच्छा एवढीच अट. पूर्ण नाव सांगावे लागत नाही, पहिल्या दिवशी नुसते ऐकले तरी चालते. ‘ओपन’ मिटिंगला कोणीही येऊ शकते, म्हणजे मैत्रिणीला बरोबर नेता येते. ‘क्लोज्ड’ मिटिंग फक्त व्यसन असलेल्यांची. आधी फोन करून बिनधास्त विचारा, बायका येतात का, फक्त बायकांची मिटिंग कुठे आहे का, भाषा कोणती, सुटते किती वाजता. मार्गदर्शक, म्हणजे स्पॉन्सर, बाईसाठी बाईच असावी, असा तिथलाही संकेत आहे. कोणी नको तितकी जवळीक दाखवू लागला तर ती मिटिंग सोडा, दारू सोडण्याचा निश्चय सोडू नका. पाच-सहा ठिकाणी बसून पाहा, मग ठरवा. २०२० च्या टाळेबंदीपासून फोनवरच्या मिटिंगाही रुळल्या आहेत; घराबाहेर पडू न शकणारीला त्यांचा आधार होतो.

मात्र रोज भरपूर पिणारीने एकदम बंद करू नये. आकडी येते, भ्रम होतो, जिवावरही बेतते. आधी डॉक्टर, मग मिटिंग. बाईच्या शरीरात पाण्याचे प्रमाण कमी असल्याने तेवढ्याच दारूने तिला जास्त अपाय होतो, म्हणून उशीरही करू नये. दाखल व्हायची गरज पडली तर पुण्याच्या मुक्तांगणमध्ये ‘निशिगंध’ हा स्त्रियांचा स्वतंत्र विभाग आहे.

आणि आपण काय करायचे? आपल्या संघटनांच्या खोल्या दुपारी रिकाम्या असतात. आठवड्यातली एक दुपार अशा बायांना द्यावी. मिटिंग त्यांची त्यांनीच चालवावी. तिथे आपले भाषण नको. आपण बाहेर बसून मुले सांभाळू, चहा ठेवू, आणि नवीन येणारीबरोबर जिना चढू. दारू पिणाऱ्या नवऱ्याच्या बायकोला आपण कधी परत पाठवले नाही. दारू पिणाऱ्या बाईलाही पाठवता कामा नये.