बँडमास्तर व्हायचं तर आधी बँड हवा

बंगळुरात के. आर. पुरमला माझ्या ताईच्या गच्चीवरून झुलता पूल दिसतो. पुलाखालून रेल्वे जाते आणि आता शेजारून मेट्रोही. गेल्या डिसेंबरात तिथे सकाळी कपडे वाळत घालायला गेले, तर भाचा माझ्या आधीच हजर. पाण्याच्या टाकीला मोबाइल टेकवलेला, कठड्यावर स्कोअरची पानं, ती उडू नयेत म्हणून वर विटेचा तुकडा, आणि हातात बॅटन. गुस्ताव होल्स्टनं १९०९ साली बँडसाठी लिहिलेला पहिला सूट मोबाइलवर चालू होता आणि समोर कुणीही नसताना हा संचालन करत होता.

मुलगा इंजिनिअर आहे. शाळेच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा, ते त्यानं सोडलं नाही. आता त्याला अमेरिकेत विंड बँड संचालनात मास्टर्स करायचंय. मी इथे अमेरिकेत एका हौशी बँडमध्ये तिसरं क्लॅरिनेट वाजवते, म्हणून निवाडा माझ्याकडे आला. भावजींनी एकच विचारलं, "म्हणजे शेवटी बँडवालाच होणार ना?"

या प्रश्नाचं उत्तर मला इथल्या आपल्या मराठी मंडळाच्या सगळ्याच वाचकांना द्यायचंय, कारण तो घराघरात विचारला जाईल. बँडवाला होण्यात वाईट काय आहे? पुण्यात विसर्जनाच्या मिरवणुकीत प्रभात, न्यू गंधर्व, दरबार या बँडांसाठी लोक तासन्‌तास रस्त्याच्या कडेला उभे राहतात. पण कुणाचं वाटोळं झालं की आपण म्हणतो, त्याचा बँड वाजला. वरातीत ज्याच्या ट्रम्पेटवर आपण नाचतो त्याला पाणी विचारायचं भान किती जणांना असतं? हा तिटकारा वाद्याचा नाही, ते वाजवणाऱ्या गरीब माणसांचा आहे. तो आपण टाकला पाहिजे.

आणि हे 'आपल्यातलं नाही' असंही कुणी म्हणू नये. तंजावरच्या मराठी गादीवर १७९८ ते १८३२ राज्य केलेल्या दुसऱ्या सरफोजीराजांनी दरबारात पाश्चात्त्य बँड ठेवला होता. त्यांच्याच काळात मुत्तुस्वामी दीक्षितरांनी इंग्रजी बँडच्या चालींवर संस्कृत रचना केल्या. म्हैसूरच्या राजवाड्याच्या बँडचा वारसा आज कर्नाटक पोलिसांचा बँड चालवतो. कद्री गोपालनाथ लहानपणी म्हैसूरच्या त्या राजवाड्यातल्या बँडचा सॅक्सोफोन ऐकून भारावले आणि पुढे त्यांनी त्या वाद्यावर कर्नाटक संगीत उभं केलं. एका बँडमुळे एक गायकी वाद्यात आली. एवढं फळ पुरेसं नाही का?

इथवर मी भाच्याच्या बाजूनं भांडले. पुढे मात्र त्याच्याशीच भांडले.

त्यानं आधीच एका विद्यापीठाला अर्ज केला होता. त्यासाठी गच्चीवरचाच व्हिडिओ पाठवला, रेकॉर्डिंगसमोर हात हलवतानाचा. अर्ज पहिल्याच चाळणीत गेला. त्याला ते लागलं, पण मला त्यात अन्याय दिसत नाही. या अभ्यासक्रमांना बहुधा वर्षाला एक-दोनच जागा असतात. व्हिडिओत कॅमेरा वादकांच्या बाजूनं, संचालकाच्या तोंडाकडे लावायचा असतो आणि तालमीचा तुकडाही मागतात. चूक ऐकू आल्यावर हा माणूस थांबवतो कसा, काय बोलतो, पुन्हा कुठून सुरू करतो, ते त्यांना पाहायचं असतं. निवडक जणांना मग प्रत्यक्ष बोलावून विद्यापीठाच्या बँडपुढे उभं करतात. कित्येक ठिकाणी आधी दोन-तीन वर्षं शाळेत बँड शिकवलेला उमेदवार पसंत करतात.

रेकॉर्डिंग चुकत नाही, आणि तुमच्या हाताकडे बघतही नाही. गच्चीवर मला त्याची एक खोड लगेच दिसली. पहिल्या ठोक्याआधी तो श्वासच घेत नव्हता. व्हायोलिनवाल्याला कदाचित चालेल, पण सुषिर वाद्यांच्या वृंदात चाळीस माणसं फुंकणार असतात. संचालकाचा हात वर जातो तोच त्यांचा श्वास. तो कोंडला की पहिला सूर फाटलाच म्हणून समजा. तिसऱ्या क्लॅरिनेटच्या खुर्चीत बसून मी हे वर्षानुवर्षं भोगलंय.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की अमेरिका दोन वर्षांनी. आधी के. आर. पुरममध्ये बारा-पंधरा माणसं जमव. ती आहेत. मेट्रोच्या पर्पल लाइननं हलसूरला जा, मद्रास इंजिनिअर ग्रुपचं केंद्र तिथलंच. आपल्याकडे बँडचं पद्धतशीर शिक्षण आहे ते मुख्यतः लष्करात, पचमढीच्या संगीत विभागात. फौजेतून निवृत्त झालेला वादक गाठ. चर्चमध्ये विचार. लग्नाच्या सीझननंतर मोकळे असलेले बँडवाले बोलाव, आणि त्यांना मानधन दे. त्यातले काही जण नोटेशन वाचणार नाहीत, कानानं उचलतील. त्यांच्यासाठी भाग लिहिताना तुला कळेल की क्लॅरिनेटसाठी लिहिलेला सी कानाला बी-फ्लॅट ऐकू येतो आणि ऑल्टो सॅक्सोफोनचा तोच सी ई-फ्लॅट. स्कोअर वाचणं म्हणजे हे सगळं एका नजरेत ऐकणं, आणि ते माणसांसमोरच पक्कं होतं.

पैशाबद्दलही मी स्पष्ट बोलले. कर्ज काढून ही पदवी करू नये. असिस्टंटशिप मिळते, त्यात फी माफ होते, थोडं विद्यावेतन असतं, बदल्यात मार्चिंग बँडसोबत किंवा स्कोअरच्या ग्रंथालयात राबावं लागतं. ती मिळाली तरच जायचं. अमेरिकेतल्या शाळांत बँड हा रीतसर विषय आहे, भारतात मात्र अशी पदवी घेऊन आलेल्याची वाट बघणारी खुर्ची नाही. ती त्यालाच मांडावी लागेल. पण फ्रेडरिक फेनेलनं ईस्टमन विंड एन्सेम्बल उभं केलं तेही १९५२ साली, म्हणजे ही कला मुळात तरुण आहे. तिच्यासाठी नवं लिहवून घेणं हे संचालकाचंच काम. क्लॅरिनेटांच्या रांगेत सनई बसवायची कुणी, आपल्या मुलांनी नाही तर?

आपलं मंडळ गणपतीसाठी ढोल आणतं, पथक बसवतं, आणि मला ते मनापासून आवडतं. त्याच फंडातून दरवर्षी भारतातल्या एका होतकरू बँडसाठी एखादं वाद्य द्यावं, असा ठराव मी येत्या सभेत मांडणार आहे.

भाच्याकडे आता रविवारी सकाळी एका शाळेच्या वर्गात नऊ जण जमतात. होल्स्टच्या त्या सूटची सुरुवातच युफोनियम आणि ट्यूबानं होते, आणि दोन्ही वाद्यं त्यांच्याकडे नाहीत. तो भाग सध्या एक निवृत्त हवालदार ट्रॉम्बोनवर सांभाळतात. परवा त्यानं तालमीचा आवाज पाठवला. पहिला सूर यायच्या आधी सगळ्यांचा श्वास ऐकू येतो.