ट्रकच्या हवेच्या लाइनचा जोड निवडताना



आपल्या वस्त्यांतील कितीतरी तरुण गॅरेजमध्ये जड वाहनांच्या दुरुस्तीचे काम करतात. कितीतरी घरांतील कर्ते पुरुष ट्रकवर ड्रायव्हर-क्लीनर आहेत. म्हणून या वेळी आम्ही एका लहानशा वस्तूविषयी लिहीत आहोत. ती वस्तू म्हणजे हवेच्या पाइपचा जोड, अर्थात फिटिंग. मुठीत मावणारी ही वस्तू, पण भरलेला ट्रक घाट उतरताना तिच्याच भरवशावर थांबतो.

जड ट्रकचे ब्रेक हवेवर चालतात. कॉम्प्रेसर हवा दाबून टाकीत भरतो आणि पायाखालच्या व्हॉल्व्हमधून ती चाकाजवळच्या चेंबरपर्यंत जाते. हा दाब साधारण 8 बार, म्हणजे सुमारे 116 पौंड असतो. शिवाय इंजिनची उष्णता आणि रस्त्याचे हादरे. हे सारे त्या जोडाने सोसायचे असते.

पहिली गोष्ट मापाची. नायलॉन पाइपचे माप बाहेरच्या व्यासावर सांगतात. 6, 8, 10, 12 व 16 मिलिमीटर ही नेहमीची मापे. अर्धा इंची पाइप मात्र 12.7 मिलिमीटरचा असतो. डोळ्यांना तो 12 सारखाच दिसतो, पण एकाचा जोड दुसऱ्याला चालत नाही. म्हणून व्हर्नियरने मोजावे, किंवा जुना तुकडा आणि जुना जोड दुकानात घेऊन जावे. आट्यांचेही तसेच. नवा जोड सुरुवातीच्या फेऱ्या नुसत्या बोटांनी फिरला पाहिजे. पान्याने जबरदस्ती केली की आटे खराब होतात.

दुसरी गोष्ट जातीची. कारखान्यातील यंत्रांसाठी मिळणारे स्वस्त प्लॅस्टिकचे जोड ब्रेकच्या लाइनला लावू नयेत. एअर ब्रेकसाठी बनवलेलाच जोड मागावा. नट-रिंगचा जोड असेल तर नायलॉन पाइपच्या आत पितळी बुश हवाच, नाहीतर नट आवळताना पाइप दबतो व पुढे निसटतो. जुनी रिंग पुन्हा वापरू नये. मोठ्या पाइपच्या जागी लहान भोकाचा जोड बसवू नये, कारण हवा उशिरा पोचते आणि ब्रेकही उशिरा लागतो. चासीवरून हलत्या अ‍ॅक्सलकडे जाणारा भाग रबरी होजचाच असावा.

तिसरी गोष्ट बसवण्याची. काम सुरू करण्यापूर्वी चाकांना ठोकळे लावावेत आणि टाक्यांतील हवा सोडावी. मागच्या स्प्रिंग ब्रेकचे चेंबर कधीही खोलू नये. आतील दाबलेली स्प्रिंग जीव घेऊ शकते. पाइप कटरने सरळ कापावा. ओ-रिंग किंवा वायसरच्या जोडावर टेफ्लॉन टेप गुंडाळू नये, तिचे तुकडे व्हॉल्व्हमध्ये अडकतात. पुश जोडात पाइप शेवटपर्यंत दाबून मग ओढून पाहावा. हवा भरल्यावर इंजिन बंद करावे, ब्रेक दाबून धरावा, जोडांवर साबणाचे पाणी लावावे आणि मीटरचा काटा पाहावा. बुडबुडा दिसला तर गाडी सोडू नये.

मालक पुष्कळदा म्हणतो, "आजच्यापुरते जुनेच चालव, गाडी भरून उभी आहे." हातावर पोट असलेल्या पोराला अशा वेळी नाही म्हणणे जड जाते, हे आम्ही जाणतो. पण अपघात झाला तर जुन्या जोडाचा निर्णय कोणाचा होता हे कोणी विचारत नाही. नाव हेल्परचेच पुढे येते. आणि गाडीत बसलेला ड्रायव्हरही कोणाच्या तरी घरचा बाप असतो. तथागतांनी अष्टांगिक मार्गात सम्यक आजीविका सांगितली. ज्या कामाने दुसऱ्याच्या जिवाला धोका होणार नाही असे काम करणे, हाच तिचा गॅरेजमधील अर्थ आहे.

बाबासाहेब 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. कामगाराच्या जिवाला मोल आहे, हे त्यांनी आपल्याला शिकवले. तेव्हा माता-भगिनींनो, मुलगा कामाला निघाला की डब्याबरोबर एक प्रश्नही द्या, "काल बसवलेला जोड तपासलास का?" आणि तरुणांनो, कारण समजून "नाही" म्हणायला शिका. ज्याला कारण सांगता येते, त्याचा शब्द मालकालाही टाळणे अवघड जाते.

जयभीम!