थांबलेल्या मुलांची नोंद

सामाजिक तपासणी अहवाल लिहिताना आपला हात सगळ्यात सराईतपणे चालतो तो गुन्ह्याच्या कारणांच्या रकान्यात. पालकांचं दुर्लक्ष, वाईट संगत, नशा, शाळा सुटलेली. यातलं काही ना काही प्रत्येक फाइलमध्ये सापडतंच. बाल न्याय मंडळापुढे पंधरा दिवसांत अहवाल ठेवायचा असतो आणि एका परिविक्षा अधिकाऱ्याच्या गळ्यात अनेकांचं काम असतं, तेव्हा त्याला बोल लावण्यात अर्थ नाही. पण त्याच खोलीत वाढलेला, तीच शाळा सोडलेला धाकटा भाऊ कोयत्याला हात लावत नाही. ज्याने लावला तोही पुढे पंचविशीत बहुधा रिक्षा चालवत असतो किंवा गोदामात हमाली करत असतो. हे मात्र आपल्या कुठल्याच नमुन्यात उतरत नाही.

मुलं थांबतात कशामुळे, या दुसऱ्या प्रश्नावरचं फार मोलाचं काम बॉस्टनमध्ये झालं. हार्वर्डच्या शेल्डन आणि एलेनॉर ग्लूक या दांपत्याने सुधारशाळांतली 500 मुलं घेतली आणि तशाच गरीब वस्त्यांतली, वयाने व बुद्ध्यंकाने जुळणारी, पण गुन्ह्यात न सापडलेली 500. त्यांचं पुस्तक 1950 मध्ये आलं. बत्तिशीपर्यंत पाठपुरावा झाला आणि मग सगळे कागद खोक्यांत भरून ग्रंथालयाच्या तळघरात गेले. 1980 च्या दशकात जॉन लाउब आणि रॉबर्ट सॅम्पसन यांनी ती खोकी उघडली, माहिती संगणकावर चढवली. पुढे त्या सुधारशाळेतल्या मुलांपैकी 52 जणांना, ते सत्तरीला टेकले असताना, शोधून काढून त्यांनी बोलतं केलं.

सुरुवात का होते, याचं त्यांना मिळालेलं उत्तर आपल्याला अनोळखी वाटणार नाही. गरिबीचा परिणाम मुख्यतः घरातून होतो: आज बेदम मार, उद्या काहीच नाही अशी लहरी शिक्षा, मुलगा कुठे आहे याचा पत्ता नसणं, आईबापांशी आणि शाळेशी तुटलेला धागा. इथवर आपले रकाने ठीकच आहेत.

खरा धक्का पुढे आहे. सुधारशाळेत गेलेल्यांपैकी पुढे कोण लवकर थांबणार आणि कोण चाळिशीपर्यंत गुन्हे करत राहणार, हे त्यांच्या बालपणाच्या नोंदींवरून ओळखता येईना. टेरी मॉफिट यांनी 1993 मध्ये किशोरवयापुरते गुन्हे करणारे आणि जन्मभर करणारे असे दोन गट मांडले होते. ती विभागणी आपल्या प्रशिक्षणवर्गांत आजही शिकवली जाते. लाउब-सॅम्पसन म्हणतात, मागे वळून पाहताना गट दिसतात. समोर बसलेल्या सोळा वर्षांच्या मुलाच्या कपाळावर ते लिहिलेले नसतात. बाल न्याय अधिनियमाच्या कलम 15 खालच्या प्राथमिक मूल्यांकनात बसणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं.

मग थांबवलं कशाने? टिकणारी नोकरी, लष्करातली भरती, चांगला जमलेला संसार, जुन्या गल्लीपासून दूर जाणं. या सगळ्यांत समान काय? दिवसाला एक आखणी येते, जुन्या टोळक्यासाठी वेळ उरत नाही, कोणीतरी लक्ष ठेवतं, आणि गमावण्यासारखं काहीतरी हाताशी येतं. गंमत अशी की अनेकांनी ‘आता सोडायचं’ असा काही निश्चय केलेला नव्हता. कामावर जाता जाता ते सुटलं आणि हे त्यांच्या नंतर लक्षात आलं. समुपदेशनाच्या पहिल्याच बैठकीत पश्चात्ताप वदवून घेण्याची आपल्याकडे जी घाई असते, ती यामुळे जरा संशयास्पद वाटू लागते.

‘लग्न लावून द्या, सुधारेल’ असं म्हणणाऱ्या आया आपल्यापैकी प्रत्येकाला भेटल्या आहेत. बॉस्टनचा दाखला त्यांच्या बाजूचा नाही. तिथे परिणाम मांडवाचा नव्हता; वर्षानुवर्षं घट्ट होत गेलेल्या नात्याचा होता. शिवाय परक्याची मुलगी म्हणजे पुनर्वसन योजना नव्हे. आणखी एक भेद सांगायला हवा. ती सगळी गोरी मुलं होती, आणि ती तरुण झाली तेव्हा अमेरिकेत महायुद्धानंतरची भरभराट होती. पोरसवदा वयात सुधारशाळा पाहिलेल्यालाही कारखान्यात पक्की नोकरी मिळत होती, सैन्यातून परतलेल्याला शिक्षणासाठी सरकारी पैसा होता. आपल्या मुलाला मिळतं ते कंत्राटदाराकडचं काम, आणि त्याच्या दारातच चारित्र्य पडताळणीचा कागद आडवा येतो.

इथे कायदा आपल्या बाजूने आहे, आपण मात्र तो वापरत नाही. बाल न्याय अधिनियम 2015 च्या कलम 24 नुसार, काही निर्घृण गुन्ह्यांचा अपवाद सोडता, दोषी ठरलेल्या मुलाला कोणतीही अपात्रता चिकटत नाही आणि नोंदी नष्ट करण्याचा आदेश मंडळाने द्यायचा असतो. प्रकरण निकाली निघाल्यावर पोलिसांनी चारित्र्य दाखल्यासाठी ती नोंद उघड करायची नाही, असं कलम 74 सांगतं. तरीही ठाण्यात तो ‘रेकॉर्डवरचा’च राहतो आणि सण-उत्सव आले की आधी त्यालाच उचलतात. एडिंबरामध्ये लेस्ली मॅकारा आणि सुझन मॅक्वी यांनी सुमारे 4,300 मुलांचा अनेक वर्षं माग काढला. सारख्याच खोड्या करणाऱ्या मुलांपैकी ज्यांना यंत्रणेने आत ओढलं, तीच पुढे जास्त काळ गुन्ह्यांत राहिली. आणि ओढली जाणारी बहुतेक पोलिसांच्या आधीच ओळखीची होती.

म्हणून वैयक्तिक देखभाल आराखडा करताना एवढं जरूर लिहा: मुलगा बाहेर पडल्यावर सोमवारी सकाळी नऊ वाजता कुठे असेल, त्याला उठवून तिथे पाठवणारं माणूस कोण, आणि नोंद नष्ट करण्याचा अर्ज कोणत्या तारखेला द्यायचा. अर्ज आपण द्यायचा, त्याच्या घरच्यांवर सोडायचा नाही.

पुढच्या अंकापासून आम्ही थांबलेल्या मुलांवर एक सदर सुरू करत आहोत. त्यासाठी कुणालाही शोधत जाऊ नका; दहा वर्षांनी निरीक्षणगृहाचा माणूस दारात उभा राहिला तर सासरी काय वाटेल, याचा विचार करा. जे आपणहून पेढे घेऊन येतात, फोन करतात, त्यांना विचारा आणि त्यांची संमती असेल तरच लिहा. नाव, गाव, वस्ती, गुन्ह्याचं वर्ष, काही नको. काम कोणतं मिळालं, कुणी मिळवून दिलं आणि पहिले सहा महिने ते कसं टिकलं, एवढं पुरे.