ब्लूग्रास : यादी आणि शिफारस

संगीताचे दोन चाहते भेटले की थोड्याच वेळात याद्या निघतात. 'हे ऐकले का', 'ते ऐकल्यावाचून पुढे जाऊ नका' अशा आग्रहातून अभिरुचीची जी देवघेव होते ती पुष्कळदा अभ्यासक्रमांहून अधिक काम करते, असे आम्हां अध्यापकांना अनुभवाने वाटते. अमेरिकेतील ब्लूग्रास संगीताचे रसिक या बाबतीत विशेष उत्साही आहेत. परंतु त्यांच्या आवडत्या अल्बमांच्या याद्या पाहताना एक प्रश्न आम्हांला वारंवार पडतो. अल्बम हे माप या संगीताला मुळात कितपत लागू पडते?

या संगीताला नाव मिळाले ते बिल मन्रो (१९११–१९९६) यांच्या 'ब्लू ग्रास बॉइज' या वाद्यवृंदावरून. केंटकी हे मन्रो यांचे जन्मराज्य, आणि 'ब्लूग्रास' हे त्या राज्याचे टोपणनाव. १९३९ मध्ये हा वृंद नॅशव्हिलच्या 'ग्रँड ओल ऑप्री' या नभोवाणी कार्यक्रमात दाखल झाला. तरी आज आपण ज्याला ब्लूग्रास म्हणून ओळखतो तो नाद घडला तो १९४५च्या अखेरीस अर्ल स्क्रग्ज तीन बोटांनी वाजवायचा बँजो घेऊन आल्यानंतर. गिटार व गायनाला लेस्टर फ्लॅट, फिडलवर चबी वाइज, बासवर हॉवर्ड वॉट्स आणि स्वतः मन्रो मँडोलिनवर, अशा या पंचकाने १९४६ व १९४७ मध्ये कोलंबिया कंपनीसाठी जी ध्वनिमुद्रणे केली, ती या परंपरेची पायाभरणी होय. ही गीते ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवर निघाली. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटांची जागा. १९४८ मध्ये फ्लॅट आणि स्क्रग्ज बाहेर पडले, आणि त्याच वर्षी कोलंबियाने लाँग प्ले तबकडी बाजारात आणली. म्हणजे अल्बम नावाची वस्तू रुळण्यापूर्वीच पाया घालून झाला होता. मन्रो यांचा पहिला लाँग प्ले अल्बम निघाला तो १९५८ मध्ये!

याद्यांत हमखास वर असणारा फ्लॅट आणि स्क्रग्ज यांचा 'फॉगी माउंटन जँबोरी' (१९५७) हादेखील निरनिराळ्या वर्षी मुद्रित झालेल्या गीतांचा संग्रहच आहे. तो उत्तम आहे, यात वाद नाही. पण तो 'अल्बम' म्हणून एका बैठकीत ऐकणे म्हणजे फुटकळ कवितांची निवड खंडकाव्य समजून वाचण्यासारखे आहे. म्हणून नवख्या श्रोत्याला आमची पहिली शिफारस अल्बमची नाहीच. १९४६-४७च्या त्या मुद्रणांपैकी कोणतेही एक गीत घ्यावे व ते पुनःपुन्हा ऐकावे. ही मुद्रणे १९९२च्या एका संकलनात एकत्र मिळतात. एकदा केवळ बँजोकडे लक्ष द्यावे, एकदा केवळ बासकडे. मग मँडोलिनचा तो तुटक, झाकलेला आघात ऐकावा. या वृंदात ढोल नाही. तालाचा उलटा ठोका मँडोलिन सांभाळते. हे एकदा कानाला उमगले की पुढच्या शंभर तबकड्या आपोआप उलगडतात.

अल्बम या रूपानेच ज्यांचे मोल ठरते अशा कृती पुढे झाल्या. 'विल द सर्कल बी अनब्रोकन' (१९७२) या तीन तबकड्यांच्या संचात कॅलिफोर्नियाच्या 'निटी ग्रिटी डर्ट बँड'मधील तरुणांनी मेबेल कार्टर, डॉक वॉटसन, स्क्रग्ज, जिमी मार्टिन अशा ज्येष्ठांसोबत वादन केले. गीतांच्या अधूनमधून त्यांचे बोलणेही राखले आहे, त्यामुळे दोन पिढ्यांची भेट हाच त्याचा विषय होतो. मन्रो यांनी मात्र सहभागास नकार दिला होता, हेही ऐकताना ध्यानी असावे. दुसरी कृती 'जे. डी. क्रो अँड द न्यू साउथ' (१९७५). टोनी राइस, रिकी स्कॅग्ज, जेरी डग्लस हे तरुण येथे एकत्र येतात आणि गॉर्डन लाइटफूट, इयन टायसन अशा कॅनेडियन गीतकारांच्या रचना ब्लूग्रासच्या चौकटीत सहज बसवतात.

आता याद्यांचा अधिक गंभीर दोष. यादी स्मरणाचे काम करते तसेच विस्मरणाचेही करते. हेझल डिकन्स आणि अ‍ॅलिस जेरार्ड यांचा 'हूज दॅट नॉकिंग' (१९६५) स्त्रियांच्या नेतृत्वाखालील ब्लूग्रासच्या अगदी आरंभीच्या अल्बमांपैकी एक; डिकन्स वेस्ट व्हर्जिनियाच्या खाणकामगार कुटुंबातल्या. तो याद्यांत आला तर बहुधा तळाशी. आणि अर्नोल्ड शुल्ट्झ यांचे काय? या कृष्णवर्णीय गिटार व फिडलवादकाबरोबर मन्रो तरुणपणी नृत्यांच्या कार्यक्रमांत वाजवीत, आणि त्यांचे ऋण त्यांनी पुढे मोकळेपणाने मान्य केले. शुल्ट्झ १९३१ मध्ये वारले. त्यांचे एकही ध्वनिमुद्रण नाही. कोणत्याही अल्बमयादीत त्यांना जागा मिळणे शक्यच नाही. बँजो हे वाद्यच आफ्रिकन वंशाचे असताना या संगीताला केवळ गोऱ्या डोंगराळ मुलखाची निर्मिती मानले जाते, त्यात अशा याद्यांचाही हातभार आहे.

'खरे ब्लूग्रास कोणते' हा वाद घालणाऱ्यांनी एक गोष्ट आठवावी. मन्रो यांच्या १९४५च्या मुद्रणांत अ‍ॅकॉर्डियन आहे, आणि ते वाजवणारी सॅली अ‍ॅन फॉरेस्टर ही स्त्री आहे. शुद्धतेची सीमा प्रवर्तकानेच पाळली नव्हती. तथापि सीमा सैल आहे म्हणून ती नाहीच, असेही नव्हे. बेला फ्लेक आणि एडगर मेयर यांनी झाकीर हुसेन व राकेश चौरसिया यांच्यासह केलेला 'अ‍ॅज वी स्पीक' (२०२३) आपल्याकडील श्रोत्याला जवळचा वाटेल, आणि वाटावा. पण तो ब्लूग्रास म्हणून हाती देणे ही दिशाभूल ठरेल. तेथे बँजो आहे, पण बँजोभोवतीचे ते घर नाही.

आज पुढचे गीत सुचवायला यंत्रे आहेत. ऐकलेल्यासारखेच आणखी काही ती तत्परतेने देतात. माणसाच्या शिफारशीत याहून वेगळे काही असायला हवे. काय ऐकायचे यासोबत त्यात काय ऐकायचे, त्याच्या मागे कोण उभे आहे आणि कोणाचा आवाज मुद्रित होऊ शकला नाही, हे सांगण्याची जबाबदारी शिफारस करणाऱ्यावर असते. कारण न देता दिलेली यादी ही केवळ मालाची यादी होय. कारणासहित केलेली एकच शिफारस, मग ती तीन मिनिटांच्या एका गीताची का असेना, आम्ही समीक्षेत जमा धरतो.