अंगणवाडी ते पहिली : एक उपेक्षित उंबरठा

जून महिना आला की अंगणवाडीतील मुले पहिलीच्या वर्गात जातात. बहुतेकांना हा बदल आठ-पंधरा दिवसांत अंगवळणी पडतो. परंतु ज्याला कमी ऐकू येते, ज्याची समज सावकाश उमलते किंवा ज्याला गोंगाट सोसत नाही, अशा मुलाला हा उंबरठा डोंगराएवढा असतो. आपली पाळी येईपर्यंत थांबणे, खेळणे दुसऱ्याला देणे, हवे ते खुणेने मागणे, हे त्याने मोठ्या कष्टाने आत्मसात केलेले असते. त्याची खूण सेविकेला व सवंगड्यांना कळत असे. नव्या वर्गात ती कोणालाच कळत नाही. मग ते मूल ढकलते, ओरडते किंवा कोपरा धरून बसते, आणि शाळा त्याला ‘हूड’ अथवा ‘मंद’ ठरवून मोकळी होते. वस्तुतः ती त्याची न समजलेली मागणी असते.

कायद्याचे पाठबळ नाही, असे नाही. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने २१ प्रकारचे अपंगत्व मान्य केले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ३ ते ८ हा वयोगट एकच पायाभूत टप्पा मानला. प्रशासनात मात्र तो दुभंगलेलाच आहे. अंगणवाडी महिला व बालविकास विभागाकडे, शाळा शिक्षण विभागाकडे! मूल पुढे जाते; त्याच्याविषयीचे ज्ञान मागे राहते. अर्थशास्त्राच्या परिभाषेत सांगायचे, तर तीन वर्षांची गुंतवणूक आपण एका उन्हाळी सुटीत बुडीत खात्यात टाकतो.

यावरचा उपाय खर्चिक नाही. एप्रिलमध्ये सेविका, पहिलीचे शिक्षक आणि पालक यांनी एकत्र बसावे. मुलाला काय येते, तो कशाने बिथरतो व कशाने शांत होतो, हे एका कागदावर उतरवावे. आणि शाळा सुरू होण्यापूर्वी मुलाने तो वर्ग दोन-चार वेळा पाहावा. शिक्षकांवर अशैक्षणिक कामांचा भार आहे आणि सेविका तर मानधनावरच राबतात, हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच हा वेळ उपकार न मानता अधिकृत काम म्हणून मोजला गेला पाहिजे.

ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले, आणि जी मुले शाळेत येत नव्हती त्यांच्या अंगणातच शाळा नेली. त्याच अंगणातून निघालेले एखादे मूल शाळेच्या दारात अडखळत असेल, तर दोन पावले पुढे येऊन त्याचा हात धरणे हे शाळेचेच कर्तव्य नव्हे काय?